तोंड उघडत नाही, बाई!

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी मुलगी दहावी पास झाली म्हणून पेढे घेऊन घरी आला. सहावी-सातवीला माझ्या वर्गात होता, आता पंचेचाळिशीला टेकलाय, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करतो. मी म्हटलं, "आधी तू खा, मग मी." त्यानं पेढ्याचे चार तुकडे केले आणि पोस्टाच्या पेटीत पत्र सरकवावं तसा एकेक तुकडा दातांच्या फटीतून आत सरकवला.

"काय रे, असा काय खातोस?"

"तोंड उघडत नाही, बाई! जबडा आखडलाय. तुम्हाला झालं होतं ना मागं, तसंच."

मला झालं होतं हे खरं. मग काय, शिक्षिकेचा पिंड! विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई. मी त्याला तिथंच झोपाळ्यावर बसवून माझे व्यायाम शिकवले. जीभ टाळूला लावून सावकाश तोंड उघडायचं, कानशिलाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यायचा, ऊस, कणीस आणि चिक्की बंद. पोरगा शाळेत होता तसाच अजून आज्ञाधारक. आठ महिने त्यानं ते इमानानं केलं.

फेब्रुवारीत त्याची बायको आली. म्हणाली, "बाई, ह्यांना आमटीसुद्धा झोंबते. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते." झोंबते? माझ्या जबड्याच्या दुखण्यात तोंडात कधी आग झाली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पुण्याला दातांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की त्याच्या सांध्याला काहीही झालेलं नव्हतं. दुखणं गालाच्या आतल्या कातडीत होतं, सुपारीचं होतं, आणि एका बाजूला पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

तो तुकडा तपासून येईपर्यंतचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आठ महिने!

माझी भाची नाशिकला दंतवैद्य आहे. तिच्या मागे लागून मी वाचायला घेतलं. ती कागद पाठवायची, मी शब्दकोश घेऊन बसायचे, अडलं की फोन. आमची बी.ए. मराठी माध्यमातली, तीही तुळजाराम चतुरचंद कॉलेजातली आणि विषय इतिहास, त्यामुळे औषधं-गोळ्यांपेक्षा मी आपोआप कोणी, कधी, कशावरून ठरवलं याच्याच मागे गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहिते आहे. डॉक्टर मंडळींनी चुका काढाव्यात, राग येणार नाही.

आपल्याकडे तोंड मिटून बसलं की एकच शब्द, दातखीळ. भीतीनं दातखीळ बसते, थंडीनं बसते, फेफऱ्यात बसते. माझ्या लहानपणी मात्र या शब्दानं बायका गप्प व्हायच्या. मी सहा-सात वर्षांची असेन, आमच्या वाड्यावर एक सालगडी होता. नांगराचा फाळ पायाला लागला. जखमेत शेण-माती भरून त्याच्यावर चिंधी बांधली. आठवड्यानं त्याचं तोंड उघडेना. मग पाठ धनुष्यासारखी वाकायला लागली. मोठ्यांनी आम्हा पोरांना माडीवर कोंडलं, पण आवाज यायचा तो यायचाच. तो गेला.

तो धनुर्वात. मातीतल्या जंतूंचं विष नसांत शिरतं आणि बहुधा सगळ्यांत आधी चावण्याचे स्नायू आवळून धरतं. १८८४ मध्ये जर्मनीत निकोलायर यांना हे जंतू मातीत सापडले, १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञानं ते वेगळे करून वाढवले, आणि १८९० मध्ये बेहरिंग यांच्याबरोबर त्यांनी विषावरचा उतारा दाखवला. म्हणजे आमचा सालगडी गेला तेव्हा जगाला हे सगळं साठ-पासष्ट वर्षं माहीत होतं. वाड्यापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच. पुढं बाळांना ट्रिपल लस मिळू लागली, गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई मिळू लागली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. माझ्या नातवंडांना 'दातखीळ' म्हणजे फक्त घाबरणं वाटतं. बरंच आहे.

दुसरी दातखीळ बरोब्बर उलटी, तोंड मिटतच नाही! ही मी एका कीर्तनात पाहिली. सप्ताह होता, रात्रीचे अकरा वाजून गेलेले, बुवा रंगात आलेले आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठी जांभई दिली. तोंड जे उघडलं ते मिटेना. आधी लोकांना वाटलं भक्तीचा उमाळा आहे. मग लाळ गळायला लागली तशी धावपळ झाली. गावात तालमीतले एक वस्ताद होते, ते हाडं बसवायचे. त्यांनी दोन्ही अंगठ्यांना धोतराची पट्टी गुंडाळली, आजोबांना भिंतीला टेकवून बसवलं, अंगठे आत मागच्या दाढांवर ठेवून खाली दाबले आणि बोटांनी हनुवटी वर उचलली. खट्! आजोबांचा पहिला शब्द "विठ्ठल" होता की शिवी होती यावर गावात अजून दोन मतं आहेत.

पट्टी कशाला, तर जबडा बसताक्षणी दात मिटतात आणि अंगठा आत सापडतो. हे वस्तादांना कोणी शिकवलं? त्यांच्या वस्तादांनी. आणि त्यांना? चरकसंहितेत वातव्याधीच्या अध्यायात हाच उपाय आहे. तोंड उघडं राहिलं असेल तर जबडा शेकून घ्यावा, अंगठ्यांनी दाबावा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. सुश्रुतानं जबडा बसवल्यावर बांधायच्या पट्टीचंही नाव दिलं आहे, पंचांगी. वाग्भटानं याला हनुस्रंस म्हटलं आणि कारणं दिली ती वाचून मला हसू आलं आणि आदरही वाटला. जीभ फार खरवडणं, सुकं-कडक खाणं, मार बसणं. त्यानं हेही लिहून ठेवलंय की यात कधी तोंड उघडं राहतं तर कधी मिटलेलं, आणि चावणं-बोलणं कष्टाचं होतं.

आपल्याकडचंच कौतुक करून थांबायला नको. एडविन स्मिथ यांच्या नावानं ओळखली जाणारी इजिप्तची एक वैद्यकीय गुंडाळी आहे, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधली. तिच्यातल्या पंचविसाव्या रुग्णाचा जबडा निखळला आहे आणि वैद्याला सांगितलंय काय, तर अंगठे तोंडात, बोटं हनुवटीखाली. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या ग्रंथातही जवळपास हेच. नाईल, एजियन समुद्र, गंगा-यमुनेचा प्रदेश आणि आमची जळोचीची तालीम, सगळीकडे अंगठे एकाच जागी गेले. आजही दवाखान्यात डॉक्टर असंच करतात, पट्टीच्या जागी हातमोजे आणि गॉज आले.

(हनु म्हणजे जबडा हे माझे विद्यार्थी विसरले नसतील. इंद्राच्या वज्रानं जबडा मोडला म्हणून हनुमान. प्रत्येक गावाच्या वेशीवर आपण जबड्याला मार बसलेला देव बसवलाय. आणि शनिवारी त्याला नारळ फोडून खोबरं खातो, जबड्याची परीक्षाच!)

आता हा सांधा आहे तरी कुठं? दोन्ही कानांच्या पुढं बोट ठेवा आणि तोंड उघडझाप करा. बोटाखाली जे हलतं तोच. गुडघा-कोपर बिजागरीसारखे असतात. जबड्याचा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढं घसरतो. कपाटाचं दार आणि टेबलाचा खण एकाच ठिकाणी जोडावा तसं. डावा-उजवा दोन्ही सांधे एकाच हाडाला, त्यामुळे एकानं संप केला की दुसऱ्याची ओढाताण. मध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना 'कट्' वाजतं. हे कट् वाजणं पुष्कळ लोकांचं असतं, दुखत नसेल तर त्याला काही करावं लागत नाही. हे एक वाक्य मला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे चार दात शाबूत राहिले असते. तीच आता माझी कथा.

'हे' गेले त्या वर्षी माझ्या उजव्या कानात ठणका सुरू झाला. सकाळी उठलं की कानशील दगड झालेलं, तोंड निम्मं उघडायचं, घास चावताना कट्-कट्. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मग दातांचे एक डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत, म्हणून सांध्यावर ताण येतो. थोडे तासून घेऊ." तासले. थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखलं, पुन्हा तासले. चार दात असे तासले गेले की गार पाणी प्यायची सोय उरली नाही. पुढचा बेत सगळ्या दातांवर टोप्या बसवायचा होता आणि त्याचा खर्च ऐकून मी पर्स बंद केली ती केलीच. त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. ते जे शिकले तेच करत होते. ते शिक्षण कुठून आलं, ते मात्र मला आता कळलं.

१९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जेम्स कॉस्टेन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी अकरा रुग्णांवर एक लेख लिहिला. कान दुखतो, कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं, डोकं दुखतं, आणि कानात तर काही सापडत नाही. कॉस्टेन यांचं म्हणणं असं की मागच्या दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, हाडाचं टोक मागं सरकतं आणि कानाजवळच्या नसा चेपतात. उपाय म्हणजे दातांची उंची वाढवा. अकरा रुग्ण! माझ्या वर्गात एका बाकाच्या रांगेत एवढी मुलं बसायची. पण दुखण्याला 'कॉस्टेनचा सिंड्रोम' असं भारदस्त नाव मिळालं आणि कानाचं दुखणं दातांच्या डॉक्टरांकडे गेलं. मग जगभर दात उंच करणं, तासणं, बसवणं सुरू झालं. १९४८ मध्ये हॅरी सिचर या शरीररचनेच्या अभ्यासकानं दाखवून दिलं की कॉस्टेन म्हणतात तसं तिथं चेपलं जाणं रचनेतच बसत नाही. पण एकदा हातात आलेली कानस खाली ठेवणं सोपं नसतं.

भारतात तर तोपर्यंत दंतवैद्यकच नवं होतं. कलकत्त्याला डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये पहिलं दंत महाविद्यालय काढलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं १९३३ मध्ये निघालं, आणि दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा १९४८ चा. आमच्याकडे आठवडी बाजारात चिमटा आणि दातांची माळ घेऊन बसलेला माणूस मी स्वतः पाहिलाय. म्हणजे शहाणे झालेले आपले पहिले दंतवैद्य शिकले तेच मुळी कॉस्टेनच्या काळात. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी माझे दात तासले असतील तर नवल काय!

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग शिकागोचा. तिथं डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये मांडलं की या दुखण्यातल्या पुष्कळांचा सांधा आणि दात नव्हे तर स्नायू थकलेले असतात. मनावरच्या ताणानं माणूस नकळत दात आवळतो, झोपेत दात खातो. नुसतं मांडून ते थांबले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंचवीस रुग्णांचे दात 'खोटे' तासले. म्हणजे यंत्र फिरवलं, आवाज केला, पण दातांना जिथं काही फरक पडतो तिथं हातच लावला नाही. पंचवीसपैकी सोळा जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं!

हे वाचून मी हसले, मग थोडं रडले. माझं दुखणं कधी सुरू झालं ते वर लिहिलंच आहे. तीन महिने मी कोणासमोर रडले नव्हते. मुलांसमोर दात आवळून घर चालवलं, मराठीत म्हणतात तसं अगदी शब्दशः. आपल्या भाषेला हे आधीच माहीत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण नको. भाषेला माहीत होतं तरी मी कानाच्या डॉक्टरकडेच गेले ना.

तासणं परवडलं म्हणावं असं पुढं काही घडलं. १९७० नंतर सरकलेल्या चकतीकडे लक्ष गेलं आणि शस्त्रक्रियांना जोर आला. तशी चकती टाके घालून जागेवर आणण्याचं काम एडिंबऱ्यात थॉमस ॲनंडेल यांनी १८८७ मध्येच केलं होतं, पण आता चकती काढून तिच्या जागी कृत्रिम चकती घालायला सुरुवात झाली. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीची प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची चकती १९८३ पासून अमेरिकेत बाजारात होती. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं. जबडा दिवसभर चालणारं जातं. त्यात ती चकती झिजली, तिचा भुगा झाला आणि शरीरानं त्या भुग्यावर जो हल्ला चढवला त्यात भोवतालचं हाड खाल्लं गेलं. हजारो बायाबापड्या (बहुतेक बायकाच, हे दुखणं बायकांत जास्त) आधीपेक्षा वाईट अवस्थेत गेल्या. १९९० मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनानं धोक्याची सूचना काढली, कंपनीनं दिवाळं काढलं. एकेका बाईच्या नंतर पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया झाल्या.

म्हणून आता सगळे जपून बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शन छापून आलं. त्यात कौल कशाला, तर शिकवलेले व्यायाम, हातानं स्नायू मोकळे करणं, ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार, आणि रुग्णाला नीट समजावून धीर देणं. दातांत कायमचा बदल घडवणारे साचे आणि चकती काढून टाकणं यांना ठाम नकार. रात्री घालायच्या काढघालीच्या साच्यालाही फारसा उत्साह नाही. मला पुण्यात एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं जे व्यायाम शिकवले त्यानं चार महिन्यांत आराम पडला. व्यायामानं की तिनं दर खेपेला अर्धा तास माझं ऐकून घेतलं त्यानं, ते लास्किनसाहेबांना विचारायला हवं.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, बाईंचं म्हणणं कापाकापी वाईट, व्यायाम चांगला. मलाही तसंच वाटत होतं आणि तीच माझी चूक झाली. आधी एक उलटं उदाहरण सांगते. लहान मूल हनुवटीवर पडतं, किंवा कान फुटून पू आत उतरतो, आणि सांध्यात हाड जुळून येतं. सांधा उरतच नाही. मुलाचं तोंड उघडत नाही, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी आत जाऊन चेहरा पक्ष्यासारखा दिसायला लागतो, रात्री घोरतं, श्वास अडकतो. आपल्या देशात अशी मुलं कमी नाहीत. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशी एक मुलगी दुसरीच्या वर्गात होती. पोरं चिडवायची म्हणून तिला घरी बसवलं आणि मीही फार आग्रह धरला नाही. अशा मुलांना जुळलेलं हाड कापावंच लागतं. कित्येकदा बरगडीचा कूर्चेसकट तुकडा घेऊन नवा सांधा करतात, ही युक्ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासूनची. व्यायाम नंतर, आणि तो मात्र वर्षानुवर्षं. इथं नुसता शेक देत बसणं म्हणजे मुलाचा चेहरा गमावणं.

तर आता सुपारी.

१९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांविषयी लिहिलं. तोंड उघडत नाही, आतली कातडी पांढरी आणि ताठ. त्यांनी त्याला लांबलचक लॅटिन नाव दिलं, कारण माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, आपल्याकडच्या डॉ. जोशींनी टाळू आणि घशाच्या कमानीतल्या या ताठरपणावर लिहिलं आणि 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव रूढ झालं. म्हणजे कातडीखाली तंतू माजणं. जोशीही कान-नाक-घशाचेच डॉक्टर. कॉस्टेन आणि जोशी, दोघांपुढं एकाच तक्रारीचे लोक आले असणार. एकानं दातांकडे बोट दाखवलं, एकानं तोंडात बोट घालून गाल चाचपला. १९६६ मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी या आजाराचा सविस्तर आढावा घेतला.

आणि मग आमच्या पुणे जिल्ह्याची पाळी आली, हे मला अजिबात माहीत नव्हतं! टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता दंतसंशोधनाचा विभाग चालवत. त्यांच्या पथकानं पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एक लाख माणसं, घरोघरी, बॅटरी घेऊन! मी तेव्हा नुकती शाळेत लागले होते. आमच्या गावात कोणी आल्याचं मला आठवत नाही, पण आले असते तर सासूबाईंनी मिशरीचं बोट तोंडातून काढून त्यांना हाकललं असतं. त्या तपासणीत आपल्याकडच्या पुरुषांची तंबाखू-चुन्याची आणि बायकांची मिशरीची सवय नीट नोंदली गेली. तोंडातले पांढरे चट्टे सापडले, कॅन्सर सापडले. पण तोंड मिटवणारा हा आजार फार थोड्या लोकांत होता. कारण आता कळतंय. तंतू माजवते ती सुपारी. आपली म्हातारी माणसं चुना-तंबाखू मळून गालात धरत, सुपारीचं खांड सणावारी. सासूबाईंना मिशरीनं खोकला दिला, दात काळे केले, पण तोंड शेवटपर्यंत व्यवस्थित उघडायचं. (सुनांना याची साक्ष पटेल.)

सुपारी रोजची झाली ती पुडीतून. पानमसाला, मग गुटखा. माझा हा विद्यार्थी आठवीला होता ते १९९० च्या दशकाचं पहिलं वर्ष-दोन वर्षं. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लोंबायच्या, आणि आम्ही शिक्षक आत तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहायचो. आमच्यातले दोघे मधल्या सुट्टीत तिथूनच पुडी आणायचे. महाराष्ट्र सरकारनं ऑगस्ट २००२ मध्ये पाच वर्षांसाठी बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुन्हा जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली घातली आणि तेव्हापासून ती वाढवत आणली. सकाळी फिरायला कॅनॉलच्या कडेनं जाते तेव्हा रिकाम्या पुड्या पायाखाली येतात, एवढंच सांगते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं छापलं की नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कॅन्सर करते. आपण ती देवापुढं ठेवतो, गणपती म्हणून पुजतो. पूजेला माझा विरोध नाही.

मेहतांच्याच पथकानं केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराचे सहासष्ट रुग्ण सतरा वर्षं नजरेखाली ठेवले आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापला. त्यातल्या ७.६ टक्क्यांना, म्हणजे पाच जणांना, कॅन्सर झाला. माजलेले तंतू सुपारी सोडली तरी पूर्वीसारखे होत नाहीत, पण सोडली नाही तर पुढं काय हे या आकड्यात आहे. सांध्याच्या दुखण्यात जीव जात नाही. यात जाऊ शकतो. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं, तोंड उघडत नाही.

भाचीनं मला फरक ओळखायला शिकवलं ते इथं लिहून ठेवते, शेजारीपाजारी उपयोगी पडेल. तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. मावत नसतील तर विचारा, दुखतं कुठं? कानापुढं दुखतं, कट् वाजतं, सकाळी जास्त असतं, तर बहुधा सांधा-स्नायू. दुखत फारसं नाही पण तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरका आणि दोरीसारखा ताठ लागतो, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही, तर सुपारीची चौकशी करा. अचानक एक-दोन दिवसांत मिटलं आणि ताप-सूज आहे तर अक्कलदाढ बघा, आणि जखम झालेली असेल तर क्षणभरही थांबू नका. प्रत्येक बाबतीत पुढचं काम डॉक्टरचंच. मी यातला एकही प्रश्न त्याला विचारला नव्हता. जीभ बाहेर काढ एवढं जरी म्हटलं असतं!

त्याचा तपासणीचा कागद आला तेव्हा त्यात कॅन्सर नव्हता. पुढं कॅन्सरकडे झुकू शकेल असे बदल मात्र होते. चट्टा काढून टाकला. गालात इंजेक्शनं झाली, काही महिने. व्यायाम त्यालाही आहे, लाकडी चमचे एकावर एक ठेवून तोंड ताणायचं, पण तो गालाच्या कातडीसाठी, मी शिकवलेल्यापेक्षा निराळा. सुपारी त्यानं सोडली. पहिल्यांदा तीन आठवडे, मग पुन्हा धरली, मग त्याच्या मुलीनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला तेव्हा पुन्हा सोडली. आता चौदा महिने झाले.

मी त्याची माफी मागितली. तर म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलं असतं तरी मी पुडीचं खरं सांगितलं नसतं." हे तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, ते मला कळत नाही. अडतीस वर्षं शिकवूनही पोरं कधी खोटं बोलतात ते मला ओळखता आलेलं नाही.

दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासायला जातो. परत येताना पिशवी खाली न ठेवताच माझ्यासमोर बोटं उभी करून तोंडात घालून दाखवतो. गेल्या वर्षी एक बोट कसंबसं जायचं. परवाच्या सोमवारी दोन गेली. तिसरं अजून जात नाही.